यंत्रं चालू, वाट बंद

लातूर किंवा नांदेडमधल्या मध्यम आकाराच्या पतसंस्थेत, महाविद्यालयात किंवा साखर कारखान्याच्या कार्यालयात एखाद्या कोपऱ्यात, बहुधा यूपीएसच्या शेजारी, एक सर्व्हर उभा असतो. डबा एकच, पण त्याच्या आत काम करणारे संगणक पाच-सात. हिशेबाचा वेगळा, हजेरीचा वेगळा, संकेतस्थळाचा वेगळा आणि जुन्या सॉफ्टवेअरसाठी मुद्दाम जपून ठेवलेला एखादा जुना विंडोज. एक रविवार गाठून या डब्याच्या मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली जाते. काम सुरळीत पार पडतं, डबा रीस्टार्ट होतो, पंखे फिरू लागतात, डिस्कचे दिवे लुकलुकतात. सोमवारी सकाळी मात्र काउंटरवरच्या एकाही संगणकाला सर्व्हर सापडत नाही. बाहेर रांग वाढत जाते आणि खिडकीतून तेच ठरलेलं वाक्य ऐकू येतं : सर्व्हर डाउन आहे.

अशा वेळी सर्व्हर खरं तर डाउन नसतो. आतले सगळे संगणक जागे असतात, डेटा जिथल्या तिथे असतो, एकमेकांशी त्यांचं बोलणंही चालू असतं. तुटलेला असतो तो फक्त बाहेरच्या केबलपर्यंतचा शेवटचा सांधा. बहुतेक प्रसंगांत तो एका ओळीच्या दुरुस्तीने जुळतो. हे ठाऊक नसलेला माणूस मात्र घाबरून सगळं नव्याने इन्स्टॉल करायला बसतो, आणि अपग्रेडने केलं नसतं इतकं नुकसान त्या घाईत होतं.

एका यंत्रात अनेक यंत्रं ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा एका मोठ्या मेनफ्रेमवर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा स्वतंत्र संगणक असल्यासारखं काम करता येऊ लागलं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हेच तंत्र साध्या इंटेल यंत्रांवर आणलं. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाची सोय आली आणि पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, व्हिएन्नातल्या एका छोट्या कंपनीने तिच्यावर उभारलेलं प्रॉक्समॉक्स मोफत उपलब्ध करून दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, कायमस्वरूपी परवाने बंद केले, आणि जगभरातले लहान ग्राहक प्रॉक्समॉक्सकडे वळू लागले. ज्या संस्थेचं संगणकाचं वार्षिक बजेट संचालक मंडळाच्या बैठकीत रुपयारुपयाने तपासलं जातं, तिच्यासाठी खर्चातला हा फरक मोठा आहे.

आवृत्ती बदलणं टाळता येत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ७ ची सर्वसाधारण सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. प्रॉक्समॉक्सची ८वी आवृत्ती ऑगस्ट २०२६ पर्यंतच सांभाळली जाणार, असं कंपनीने जाहीर केलं. ९वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्येच आली. जुन्यावर बसून राहावं, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यामुळे आज ना उद्या अपग्रेडचा तो रविवार प्रत्येक संस्थेच्या वाट्याला येतोच.

आता त्या तुटलेल्या सांध्याकडे. लातूरची गंजगोलाई ज्याने पाहिली आहे, त्याला तो समजायला वेळ लागणार नाही. मधोमध गोल इमारत आणि तिच्यापासून चहूबाजूंनी फुटलेले सोळा रस्ते. व्हर्च्युअल सर्व्हरच्या आत अशीच एक गोलाई असते, तिला ब्रिज म्हणतात. आतल्या प्रत्येक संगणकाची एक वाट या ब्रिजला येऊन मिळते आणि ब्रिजपासून एकच मोठा रस्ता गावाबाहेर जातो. तो म्हणजे सर्व्हरच्या पाठीमागे जिथे निळी किंवा पिवळी केबल खोचलेली असते, ते लॅन कार्डाचं पोर्ट. अपग्रेडनंतर गोलाई शाबूत असते, आतले रस्ते शाबूत असतात, या गल्लीतून त्या गल्लीत माल जात-येत असतो. गावाबाहेरच्या रस्त्याचं नाव तेवढं बदललेलं असतं आणि गोलाईच्या नोंदवहीत जुनंच नाव राहिलेलं असतं.

हे नाव बदलतं का, हा या विषयातला सगळ्यात रंजक भाग आहे. पूर्वी लिनक्समध्ये लॅन कार्डांना ईटीएच०, ईटीएच१ अशी सरळ नावं असत. जे कार्ड आधी सापडेल ते शून्य, नंतरचं एक. अडचण अशी, की दोन कार्डांपैकी आधी कोणतं सापडेल याची खात्री नसे. आज शून्य असलेलं कार्ड उद्याच्या रीस्टार्टनंतर एक व्हायचं आणि इंटरनेटची केबल आतल्या जाळ्याला जोडली गेल्यासारखा गोंधळ माजायचा. त्यावर उपाय म्हणून २०१३ च्या सुरुवातीला सिस्टिमडी या सॉफ्टवेअरच्या १९७व्या आवृत्तीत नावं ठरवण्याची नवी रीत आली. कार्ड कोणत्या जागी बसलं आहे, त्यावरून त्याचं नाव. ईएनपी३एस० या नावात 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३ आणि 'एस०' म्हणजे त्या बसवरचा शून्य क्रमांकाचा स्लॉट.

रीत चांगली होती, पण जागेचा क्रमांकही अढळ नसतो. सर्व्हरमध्ये नवी एनव्हीएमई डिस्क बसवली, तर पुढच्या सगळ्या बस एकेका अंकाने सरकू शकतात आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. बायोस अपडेट केल्यावरही असं घडतं. त्याहून फसवा प्रकार म्हणजे हार्डवेअरला हातही न लावता नाव बदलणं. नवा लिनक्स गाभा जुन्या कार्डाबद्दल जास्त माहिती वाचू लागतो आणि ती माहिती नावात उमटते. एप्रिल २०२४ मध्ये प्रॉक्समॉक्स ८.२ बरोबर ६.८ हा गाभा आला, तेव्हा अनेक ठिकाणी हेच झालं. काही कार्डांच्या नावाला मागे 'एनपी०' अशी अक्षरं चिकटली आणि जुन्या नावावर विसंबलेले सर्व्हर जाळ्यातून गायब झाले. कंपनीच्या अपग्रेड-मार्गदर्शिकेत ही शक्यता स्पष्ट लिहिलेली आहे. सर्व्हरजवळ प्रत्यक्ष बसण्याची किंवा स्वतंत्र दूरस्थ कन्सोलची सोय असल्याशिवाय अपग्रेडला हात घालू नये, असंही तिथे सुचवलेलं आहे.

प्रकार आणखीही आहेत. जुलै २०२१ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स ७ मध्ये कार्डाचं नाव तेच राहिलं, तरी काही ठिकाणी ब्रिजचा मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यातला ओळखक्रमांक, बदलला. भाड्याच्या सर्व्हरवर पुरवठादार केवळ ओळखीच्या मॅक पत्त्यालाच आत येऊ देतो, त्यामुळे तिथे वाट बंद झाली. ईएसएक्सआयमध्ये प्रश्न वेगळा होता. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीने लिनक्सवरून उसने घेतलेले जुने ड्रायव्हर कायमचे काढून टाकले. स्वस्त रियलटेक कार्डावर चाललेले कित्येक सर्व्हर त्यामुळे अपग्रेडनंतर कार्डाविना उरले. त्यांना नाव दुरुस्त करून काही उपयोग नव्हता, नवं कार्डच घालावं लागलं. शिवाय ६.७ वरून ७.० वर गेल्यावर डिस्कची विभागणीच बदलत असल्याने मागे परतण्याची सोयही राहिली नाही.

दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते, ते प्रॉक्समॉक्सच्या उदाहरणावरून पाहता येईल. सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडायचा. काळ्या पडद्यावर लॉगिनच्या वर सर्व्हरचा पत्ता लिहून आलेला दिसतो. तो पाहून जाळं ठीक आहे असा समज होतो, पण त्या ओळीवर विसंबू नये. ती प्रत्यक्ष केबलकडे पाहून आलेली नसते, 'होस्ट्स' नावाच्या फाइलमधून उचललेली असते. रूट म्हणून आत गेल्यावर पहिली आज्ञा 'आयपी लिंक'. तिच्या उत्तरात सर्व्हरला आत्ता दिसणाऱ्या सगळ्या कार्डांची नावं आणि मॅक पत्ते येतात. दुसरं काम म्हणजे 'ईटीसी' फोल्डरातल्या 'नेटवर्क' उपफोल्डरातली 'इंटरफेसेस' ही फाइल उघडून पाहणं.

फाइल जेमतेम दहा-पंधरा ओळींची असते. एका ओळीत ब्रिजचं नाव, बहुधा व्हीएमबीआर०. खाली त्याचा पत्ता, समजा १९२.१६८.१.१०. त्याखाली गेटवे. आणि त्याखाली 'ब्रिज-पोर्ट्स' या शब्दापुढे कार्डाचं नाव. फाइलमध्ये ईएनपी३एस० आणि पडद्यावर ईएनपी४एस० दिसलं, की रोग सापडला. आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवायची, मग नॅनो या साध्या संपादकात तिनाचा चार करायचा. नाव सहसा दोन ठिकाणी येतं, एकदा कार्डाच्या स्वतःच्या ओळीत आणि एकदा ब्रिजच्या ओळीत, दोन्ही बदलायची. सेव्ह करून 'आयएफरीलोड -ए' ही आज्ञा द्यायची आणि गेटवेला पिंग करून पाहायचं. उत्तर आलं, की जीव भांड्यात पडतो.

इथे बरेच जण सवयीने पूर्ण नेटवर्क सेवाच रीस्टार्ट करतात. त्यात ब्रिज मोडून पुन्हा बांधला जातो आणि चालू असलेल्या आतल्या संगणकांच्या वाटा त्यापासून सुटतात. होस्टला, म्हणजे मूळ सर्व्हरला, नेट मिळतं, पण आतले संगणक तसेच तुटलेले राहतात, आणि दुरुस्ती फसली असं वाटून माणूस पुन्हा गोंधळात पडतो. म्हणून रीलोड बरा.

पण ती फाइलच रिकामी असेल, किंवा कोणी घाईत तिच्यावर भलतंच लिहून ठेवलं असेल, तर? जुना पत्ता कुणाला आठवत नाही, सर्व्हर बसवून देणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला, कागदावर काहीच नाही, ही परिस्थिती मराठवाड्यातल्या कार्यालयांना नवी नाही. तरीही हातपाय गाळायचं कारण नाही, कारण सर्व्हर स्वतःच्या आत जागोजागी खुणा सोडत असतो.

पहिली खूण 'होस्ट्स' फाइल. मघाशी फसवणारी तीच फाइल आता उपयोगी पडते. प्रॉक्समॉक्सला स्वतःच्या नावावरून स्वतःचा पत्ता सापडावाच लागतो, नाही तर त्याच्या मुख्य सेवाच सुरू होत नाहीत, म्हणून जुना पत्ता तिथे लिहिलेला असतो. दुसरी खूण सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्रात. ते तयार होताना त्यातही पत्ता नोंदला जातो. अनेक सर्व्हरचा क्लस्टर असेल, तर त्यांना जोडून ठेवणाऱ्या कोरोसिंकच्या फाइलमध्ये सगळ्यांचेच पत्ते मिळतात. तिसरी खूण आतल्या संगणकांच्या नोंदींत. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची एक छोटी फाइल असते आणि ते मशीन कोणत्या ब्रिजला, कोणत्या व्हीलॅन क्रमांकाने जोडलं होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. चार मशीन व्हीएमबीआर० ला आणि एक व्हीएमबीआर१ ला असेल, तर ब्रिज दोन होते हे उघड झालं. नवा ब्रिज त्याच नावाने बांधला पाहिजे, वेगळं नाव दिलं तर मशीन सुरूच होणार नाहीत.

चौथी खूण सर्वांत बोलकी. लिनक्स आपल्या प्रत्येक बूटची रोजनिशी ठेवतो, आणि 'जर्नलसीटीएल -बी -१' ही आज्ञा आधीच्या बूटची रोजनिशी उघडून दाखवते. त्यात शोधलं, तर अमुक मॉडेलच्या कार्डाला ईटीएच० वरून ईएनपी३एस० असं नाव दिलं आणि ते व्हीएमबीआर० चं पहिलं पोर्ट म्हणून सुरू झालं, अशा ओळी सापडतात. वेळेच्या शिक्क्यासकट. अपग्रेडच्या आधीच्या शेवटच्या बूटची आणि नंतरच्या पहिल्या बूटची रोजनिशी शेजारी-शेजारी ठेवली, की काय बदललं ते डोळ्यांना दिसतं. बाकी गेटवेचा पत्ता तर शेजारच्या कोणत्याही चालू संगणकावर मिळतो.

ईएसएक्सआयची पद्धत निराळी, पण तत्त्व तेच. तिथे प्रत्येक मशीनच्या व्हीएमएक्स फाइलमध्ये पोर्टग्रुपचं नाव असतं. ते स्पेलिंगसकट, लहान-मोठ्या अक्षरांसकट तसंच्या तसं पुन्हा द्यावं लागतं. सर्व्हरच्या पिवळ्या-करड्या पडद्यावर नेटवर्क पूर्ववत करण्याचा एक पर्यायही दिसतो. नावाने तो दिलासा देतो, पण तो अपग्रेडआधीची मांडणी परत आणत नाही, सगळं पुसून कारखान्यातून आल्यासारखं करतो. शेवटचा उपाय म्हणूनच त्याला हात लावावा. ईएसएक्सआयच्या मांडणीचा बॅकअप एका आज्ञेत निघतो. मात्र तो परत घालताना आवृत्तीचा बिल्ड क्रमांक तोच असावा लागतो. म्हणजे अपग्रेडआधीचा बॅकअप अपग्रेडनंतरच्या यंत्रावर चालत नाही, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

हे सगळं करायला माणूस सर्व्हरपाशी हवा, आणि खरी अडचण तिथेच येते. नांदेडचा अभियंता लातूरचा सर्व्हर दुरून सांभाळत असेल, तर ज्या वाटेने तो आत जात होता तीच वाट बंद झालेली असते. मग लोहा, अहमदपूर, चाकूर करत राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून गाडी हाकण्यावाचून पर्याय उरत नाही. किंवा कार्यालयात जो हजर असेल त्याला फोनवर घ्यायचं : "मामा, डब्याच्या मागं केबल खोचलेली आहे ना, तिथली हिरवी लाइट लुकलुकतीय का तेवढं बघा." कोणतं पोर्ट कोणतं, हे ओळखायला 'इथटूल -पी' ही आज्ञा कामाची आहे. ती दिली, की त्या कार्डाचा दिवा मुद्दाम मिचकावू लागतो, आणि पडद्यावरचं नाव व पाठीमागचं भोक यांची जोडी जुळते. पडद्यावरची अक्षरं व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवणाऱ्या शिपायाच्या आणि कारकुनाच्या मदतीने मराठवाड्यात असे प्रश्न सुटतात, आणि त्या मदतीचं मोल कमी लेखू नये.

जगातल्या बड्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ८ जुलै २०२२ रोजी पहाटे कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीने मुख्य जाळ्याच्या सात टप्प्यांच्या अपग्रेडचा सहावा टप्पा हाती घेतला. त्यात राउटरवरची एक चाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरवर आला आणि ते कोलमडले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचा फोन आणि इंटरनेट बंद पडलं, डेबिट कार्डाचे व्यवहार थांबले, तातडीच्या ९११ क्रमांकावरही परिणाम झाला. दुरुस्तीला वेळ लागण्याचं मोठं कारण असं, की राउटरपर्यंत पोचण्याचं व्यवस्थापनाचं जाळं त्याच मुख्य जाळ्यावर बेतलेलं होतं. कर्मचाऱ्यांचे फोनही रॉजर्सचेच. शेवटी दूरच्या केंद्रांवर दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं पाठवावी लागली, तेव्हा कुठे माणसं आपापसात बोलू शकली. नेमकं कारण सापडायला सुमारे चौदा तास गेले. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तास बंद पडलं, तेव्हाही देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचं स्वतःचं जाळं तुटलं होतं आणि अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं होतं.

म्हणून आत जाण्याची दुसरी वाट हवीच. चांगल्या सर्व्हरमध्ये ती असते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ. त्यांचं पोर्ट वेगळं, पत्ता वेगळा. मुख्य सर्व्हर बंद असला तरी पडदा दुरून दिसतो. खेदाची बाब ही, की अनेक ठिकाणी हे पोर्ट आहे, पण त्यात केबलच खोचलेली नाही. काही हजारांची ही सोय विकत घेऊन झालेली असते आणि शंभर-दीडशे रुपयांच्या केबलवाचून ती पडून राहते. साध्या पीसीचा सर्व्हर केला असेल, तर निदान एक जुना मॉनिटर आणि कीबोर्ड तिथेच ठेवावा.

नावाचा घोळ मुळातून मिटवण्याची सोयही आहे. कार्डाच्या मॅक पत्त्यावरून त्याचं नाव कायमचं बांधून टाकायचं, म्हणजे बस सरकली काय किंवा गाभा बदलला काय, नाव हलत नाही. आधी त्यासाठी सिस्टिमडीची एक छोटी 'लिंक' फाइल हाताने लिहावी लागे. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये हे काम करणारं साधनच दिलं आहे. ते कार्डांना एनआयसी०, एनआयसी१ अशी साधी नावं देतं आणि संबंधित फाइलींमध्येही बदल करून ठेवतं. पुढच्या अपग्रेडच्या आधी ते वापरलं, तर वर वर्णन केलेला सोमवार बहुतेक टळतो. दुरून बदल करणारे जाणते लोक आणखी एक काळजी घेतात. दहा मिनिटांनी जुनी फाइल आपोआप परत यावी, अशी वेळ लावून ठेवतात आणि सगळं ठीक दिसलं तरच ती रद्द करतात. व्हीएमवेअरने २०१२ च्या ५.१ आवृत्तीत ही माघार आपोआप होण्याची सोय दिली. उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये 'ट्राय' ही आज्ञा १२० सेकंद वाट पाहून जुनं ते परत आणते.

यातलं काहीच जमणार नसेल, तर एक कागद तरी व्हावा. ब्रिजची नावं, पत्ता, गेटवे, प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता, कोणती केबल स्विचच्या कितव्या पोर्टात जाते ते, आणि सर्व्हरच्या पाठीमागच्या बाजूचा एक स्वच्छ फोटो. एक प्रत कपाटात, दुसरी व्यवस्थापकाच्या फोनवर. सर्व्हरवरच ठेवलेली नोंद वाट बंद झाल्यावर वाचता येत नाही.

मुहूर्ताचाही विचार हवा. पतसंस्थेने ३१ मार्चच्या आसपास सर्व्हरला हात लावू नये. एप्रिलचा दुसरा पंधरवडा बरा. साखर कारखान्याचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, तेव्हा वजनकाट्याची नोंद मिनिटभरही थांबवता येत नाही. तिथे पावसाळा सोयीचा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात. त्यातल्या महाविद्यालयांनी दोन सत्रपरीक्षांमधली फट गाठावी. आणि रविवार निवडताना पुढचा सोमवारही मोकळा आहे ना, ते पाहावं, म्हणजे दुपारपर्यंत जाळं परत आलं नाही, तरी खिडकीबाहेर रांग उभी नसेल.